“एक वर्षाची वॉरंटी आहे साहेब!” म्हणजे नेमकं काय? जुन्या स्पोर्ट्स कारवरून शिकूया वॉरंटीचा धंदा



सरळ प्रश्नावर येतो. तुम्ही २८ लाखांची सहा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घेतली. विकणारा म्हणाला, “एक वर्षाची वॉरंटी आहे साहेब, बिनधास्त न्या.” पाचव्या महिन्यात गिअरबॉक्स गेला. बिल झालं साडेपाच लाख. हे पैसे कोण भरणार?

“वॉरंटी आहे म्हणजे विकणारा भरणार” असं तुमचं उत्तर असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. आणि “मला कुठं स्पोर्ट्स कार घ्यायचीय, मी तर जुन्या मोपेड विकतो / मोबाईल दुरुस्त करतो / मिक्सरचं दुकान टाकणार आहे” असं म्हणत असाल, तर तुम्ही तर नक्कीच वाचा.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्पोर्ट्स कारचंच उदाहरण घेतलंय, त्याला कारण आहे. मोपेडचा क्लच गेला तर दोन-तीन हजारांचा विषय. ग्राहक दोन शब्द बोलतो, आपण दोन शब्द ऐकतो, मिटतं. स्पोर्ट्स कारमध्ये तोच वाद लाखांत जातो, म्हणून तिथं प्रत्येक जण कागद काढून बसतो. वॉरंटीचा प्रत्येक कंगोरा तिथं स्वच्छ दिसतो. तिथलं समजलं की तुमच्या दुकानातलं वॉरंटी कार्ड तुम्ही स्वतः लिहू शकाल, आणि दुसऱ्याचं कार्ड वाचूही शकाल.

कोल्हापुरात माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. आमच्याकडं गाडीचं वेड काय असतं, ते वेगळं सांगायला नको. त्यामुळं “वॉरंटीत बसेल का हो?” हा प्रश्न मी काउंटरवर रोज ऐकतो. चला, सुरू करूया.

१. आधी ओळखा: ही वॉरंटी नेमकी कुणाची?

जुन्या गाडीवर “वॉरंटी आहे” असं कुणी म्हटलं, की त्याचे चार अर्थ निघू शकतात.

- कंपनीची उरलेली वॉरंटी. गाडी नवी विकली गेली त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालेलं असतं. तुम्ही कधी घेतली याच्याशी त्या घड्याळाला देणंघेणं नाही.
- कंपनीची वाढीव किंवा ‘सर्टिफाइड’ वॉरंटी. कंपनी स्वतःच्या शोरूममधून जुनी गाडी तपासून विकते, तेव्हाची. सहसा ही सगळ्यात भक्कम, पण गाडीची किंमतही त्या मानानं चढी.
- विकणाऱ्या डीलरची स्वतःची वॉरंटी. तो डीलर जितका टिकाऊ, तितकी ती टिकाऊ. दुकानाला कुलूप लागलं की कार्डाला किंमत नाही.
- तिसऱ्या कंपनीचा करार. डीलर विकतो, पण पैसे देणारी कंपनी वेगळीच. इथं अटी सगळ्यात बारीक अक्षरात असतात.

पाचवा प्रकार म्हणजे वॉरंटीच नसणं. “जशी आहे तशी” विक्री. त्यात गैर काही नाही, फक्त ते आधी स्वच्छ सांगितलेलं असावं.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो, कारण इथं खूप लोक गोंधळतात. गाडीचा विमा ही वॉरंटी नाही. नेहमीचा मोटर विमा अपघात, चोरी, आग, पूर अशा गोष्टींसाठी असतो. चालता चालता गिअरबॉक्स गेला, तर विमा कंपनी ‘यांत्रिक बिघाड’ म्हणून हात वर करते.

२. आरएक्स-८ ची गोष्ट: एकाच गाडीत तीन वॉरंट्या

आता एक खरं उदाहरण. माझदा कंपनीची आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार. अमेरिकेत तिचं पहिलं मॉडेल वर्ष २००४. हिची खासियत म्हणजे रोटरी इंजिन. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात, हिच्यात तिकोनी रोटर गोल फिरतात. क्षमता फक्त १.३ लिटर, पण गाडी पळायची जोरात.

रोटरच्या तीन टोकांना बारीक सील असतात. त्यांना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन थोडं थोडं तेल मुद्दाम जाळतं. म्हणजे तेल कमी होणं हा बिघाड नाही, ती त्याची रचनाच आहे. मालकानं वेळोवेळी तेल बघून भरलं नाही, की सील झिजतात, कम्प्रेशन जातं, गाडी गरम असताना सुरू व्हायला कुरकुर करते. आणि मग अख्खं इंजिन बदलायची वेळ येते.

तक्रारी वाढल्यावर माझदानं अमेरिकेत २००४ ते २००८ च्या मॉडेलसाठी इंजिनच्या गाभ्याची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली. १ लाख मैल म्हणजे सुमारे १ लाख ६१ हजार किलोमीटर. आणि ही वॉरंटी गाडीबरोबर पुढच्या मालकाकडंही जायची. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी ही मोठीच गोष्ट.

आता यातले बारकावे बघा. खरा धडा तिथं आहे.

पहिला बारकावा: घड्याळ. समजा, एखादी आरएक्स-८ जून २००५ मध्ये नवी विकली गेली. तुम्ही ती मार्च २०११ मध्ये घेतली. तुमची वॉरंटी किती? आठ वर्षं? नाही. जून २०१३ पर्यंत, म्हणजे फक्त सव्वादोन वर्षं. आणि गाडी त्याआधीच १ लाख मैलांच्या पुढं गेली असेल, तर शून्य. “जे आधी होईल ते” हे चार शब्द वॉरंटीच्या कागदावरचे सगळ्यात महागडे शब्द आहेत.

दुसरा बारकावा: काय झाकलंय. ती वाढ इंजिनच्या गाभ्यापुरती होती. या गाडीत इग्निशन कॉइल थकायची तक्रारही नेहमीची. कॉइल थकली की पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या रस्त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला खराब करतं. कॉइल इंजिनच्या गाभ्यात येत नाही, म्हणून या वाढीव वॉरंटीत नाही. कन्व्हर्टरही त्यात नाही. पण अमेरिकेच्या प्रदूषणविषयक कायद्यानुसार कन्व्हर्टरला ८ वर्षं किंवा ८० हजार मैलांचं वेगळं संरक्षण असतं. म्हणजे एका बिघाडात तीन पार्ट, आणि तिघांची उत्तरं वेगळी. जो मालक फक्त “वॉरंटीत करा” म्हणाला, त्याला एक उत्तर मिळालं. जो “हा पार्ट कोणत्या वॉरंटीत येतो?” असं प्रत्येक पार्टसाठी विचारायचा, त्याचे पैसे वाचायचे.

तिसरा बारकावा: पुरावा. “गाडी ओढत नाही” एवढ्यावर कुणी नवं इंजिन देत नाही. कम्प्रेशन चाचणी लागते, आणि रोटरी इंजिनला त्यासाठीचं यंत्रही वेगळं असतं, कारण एकेका रोटरला तीन कप्पे. चाचणीत आकडा ठरलेल्या मर्यादेखाली आला, तर बोलणं पुढं जातं. हाच प्रकार तुमच्या मोबाईलच्या बॅटरीला, इन्व्हर्टरला, मिक्सरच्या मोटरला लागू आहे. बिघाड मोजून दाखवता आला पाहिजे.

३. जीटी-आर चा धडा: गाडी सगळं लिहून ठेवते

दुसरं उदाहरण निसान जीटी-आर चं. अमेरिकेत ही २००८ मध्ये २००९ चं मॉडेल म्हणून आली. जागेवरून झपकन सुटायची सोय, म्हणजे लाँच कंट्रोल, हे तिचं मोठं आकर्षण. पण त्या पद्धतीनं गाडी सोडायची तर घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बंद करावी लागायची. आणि मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं, की ती यंत्रणा बंद ठेवून चालवल्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही. काहींचे गिअरबॉक्स गेले, दावे नाकारले गेले, मोठा गदारोळ झाला. शेवटी निसाननं सॉफ्टवेअर बदललं.

बरोबर कोण आणि चूक कोण, तो भाग सोडा. आपल्यासाठी मुद्दे दोन.

एक, ज्या गोष्टीसाठी ग्राहक वस्तू घेतो, तीच गोष्ट अपवादात टाकली तर भांडण ठरलेलं. तुम्ही ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घड्याळ विकणार आणि कार्डावर “पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत नाही” लिहिणार, तर ग्राहक चिडणारच.

दोन, आजच्या गाडीत सगळ्या नोंदी राहतात. पोर्शच्या अनेक गाड्यांच्या संगणकात इंजिन मर्यादेच्या पलीकडं किती वेळा फिरवलं, याची टप्प्यांनुसार नोंद असते. जुन्या मालकानं गाडी रेसट्रॅकवर पिळली असेल, तर ते तुम्हाला माहीत नसतं, पण गाडीला माहीत असतं. आणि दावा करायला गेलात की सर्व्हिस सेंटरलाही कळतं. म्हणून घेण्याआधी स्कॅन करून घ्या. दुसऱ्यानं केलेल्या वापराचं बिल तुमच्या नावावर फाटू देऊ नका.

४. आपल्या ओळखीतलं एक प्रकरण

माझ्या ओळखीचे केटरिंगचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ आहेत. वीस वर्षं कष्ट केले आणि हौस म्हणून दोन दरवाज्यांची जुनी जर्मन गाडी घेतली. डीलरनं तिसऱ्या कंपनीचा एक वर्षाचा करार दिला. पाचव्या महिन्यात गिअर अडकायला लागले, डॅशबोर्डवर दिवा लागला.

सर्व्हिस सेंटरनं खर्चाचा अंदाज दिला. वॉरंटीवाल्यांनी फोनवर सांगितलं, “क्लच झिजणारा पार्ट आहे, दावा बसत नाही.” बहुतेक लोक इथं फोन ठेवतात, शिव्या घालतात आणि पैसे भरतात. काकांनी तसं केलं नाही. ते केटरिंगवाले आहेत. लग्नाच्या ऑर्डरमध्ये पत्रावळी किती आल्या आणि किती परत गेल्या, याचाही हिशोब ठेवणारा माणूस. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या:

- नकार लेखी द्या, आणि कोणत्या कलमाखाली ते लिहा.
- स्कॅनचा रिपोर्ट द्या, बिघाडाच्या कोडसकट.
- गाडी उघडल्यावर खराब पार्टचे फोटो द्या.

रिपोर्टमध्ये दिसलं, की मूळ दोष गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये होता. त्यांच्या करारात ते युनिट झाकलेलं होतं. क्लच झिजला होता हेही खरं, पण दावा क्लचचा नव्हताच. दोन पानांचं पत्र आणि सोबत सर्व्हिसची सगळी बिलं गेली. कंट्रोल युनिट आणि त्याची मजुरी मंजूर झाली, क्लचचे पैसे काकांनी भरले. बिलाचा मोठा भाग वाचला. वकील लागला नाही, आवाज चढवावा लागला नाही.

यात त्यांचं खरं शस्त्र कोणतं होतं? सर्व्हिसची सगळी बिलं. एकही सर्व्हिस चुकली असती, तर समोरच्याला नकाराचं दुसरं कारण तयार मिळालं असतं.

५. ‘मंजूर’ झालं म्हणजे ‘फुकट’ झालं नाही

आता हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, गणित समजून घ्या.

गिअरबॉक्सचं बिल:
- पार्ट: ४,२०,००० रुपये
- मजुरी: ९०,००० रुपये
- तेल, फिल्टर, गॅस्केट: ३०,००० रुपये
- तपासणी आणि टोइंग: २०,००० रुपये
- एकूण: ५,६०,००० रुपये

करारातल्या अटी: एका दाव्याला पार्टसाठी कमाल ३,००,०००, मजुरीसाठी कमाल ५०,०००. तेल-फिल्टर नाही, टोइंग नाही.

वॉरंटी देणार ३,५०,०००. तुमच्या खिशातून जाणार २,१०,०००.

दावा ‘मंजूर’ होऊनसुद्धा दोन लाख दहा हजार! म्हणून वॉरंटी घेताना “किती वर्षं?” हा पहिला प्रश्न नसावा. पहिला प्रश्न असा असावा: “एका दाव्याला कमाल किती, आणि सगळे दावे मिळून कमाल किती?” दुसरा प्रश्न: “गाडी उघडून बघायचा खर्च कुणाचा, आणि दावा नाकारला तर तो कोण भरणार?” गिअरबॉक्स उतरवून उघडण्याचीच मजुरी मोठी असते. तिथं सही करण्याआधी हे लेखी ठरवून घ्या.

६. कायदा काय म्हणतो: तिकडं आणि इकडं

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्याचा एक भाग आपल्या कामाचा. “आमच्याच ब्रँडचा पार्ट वापरा, आमच्याकडंच सर्व्हिस करा, नाहीतर वॉरंटी बाद” अशी अट कंपनीला सरसकट घालता येत नाही. ती वस्तू किंवा सेवा कंपनी फुकट देत असेल, तर गोष्ट वेगळी.

शिवाय तिकडं जुनी गाडी विकणाऱ्या डीलरला गाडीच्या काचेवर एक छापील पत्रक लावावं लागतं. हा नियम १९८५ पासूनचा. गाडी “जशी आहे तशी” आहे की वॉरंटीसह, वॉरंटी असेल तर कोणत्या भागांवर, किती दिवस, पार्टचे किती टक्के, मजुरीचे किती टक्के, सगळं त्या एका पानावर. काही राज्यांत तर “जशी आहे तशी” विकायलाही मनाई आहे.

आपल्याकडं असं पत्रक सक्तीचं नाही. पण म्हणून कायदा नाही असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित व्यापार प्रथा’ कशाला म्हणतात, ते दिलंय. त्यातल्या या गोष्टी प्रत्येक दुकानदारानं काउंटरमागं चिकटवून ठेवाव्यात:

- पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या कामगिरीची किंवा आयुष्याची वॉरंटी देणं.
- पाळायची शक्यताच नाही असं दुरुस्तीचं किंवा बदलून देण्याचं आश्वासन देणं.
- जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून दाखवणं.
- बिल न देणं.
- सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत न घेणं. मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवस धरले जातात.

पहिला मुद्दा पुन्हा वाचा. “एक वर्ष काही होणार नाही, माझी गॅरंटी” हे तपासणी न करता बोललात, तर तो नुसता सेल्समनचा डायलॉग राहत नाही.

ग्राहकाच्या बाजूनं बघायचं तर मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं. ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाद मागावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. अनेक वाद तिथंच मिटतात.

आणि उद्योजकांसाठी खास सूचना. वस्तू ‘व्यावसायिक कारणासाठी’ घेतली असेल, तर तुम्ही या कायद्याखाली ‘ग्राहक’ ठरत नाही. पण फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी, स्वतः वापरायला घेतली असेल, तर ठरता. म्हणजे स्वतः चालवायला घेतलेली एक टॅक्सी आणि कंपनीच्या नावावर घेतलेल्या दहा टॅक्सी, यात फरक पडतो. गाडी कुणाच्या नावावर, कशासाठी घेताय, हे बिल फाडण्याआधी ठरवा.

बाहेरच्या गॅरेजचं काय? २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं स्पेअर पार्ट्स आणि दुरुस्तीच्या बाजारावरून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढं अपिलात गेलं. पण त्या आदेशातला विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे: गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये. मात्र बाहेरच्या चुकीच्या कामामुळंच नुकसान झालं असेल, तर त्या नुकसानीपुरता नकार देता येतो. तुमचं गॅरेज असेल, तर केलेल्या कामाचं आणि वापरलेल्या पार्टच्या नंबरचं पक्कं बिल द्या. तो कागद तुमच्या ग्राहकाची वॉरंटी वाचवतो, आणि ग्राहक तुमच्याकडंच परत येतो.

ज्यांना जुन्या गाड्यांच्या धंद्यात उतरायचंय त्यांनी हेही बघा: १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र लागतं, आणि मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९सी भरून कळवायचं असतं. गाडी कोणत्या तारखेपासून कुणाच्या ताब्यात होती, हे त्यामुळं कागदावर येतं.

७. गाडी घेताना: दहा मिनिटांची यादी

१. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. सर्व्हिसचा इतिहास आणि वॉरंटी सुरू झाल्याची तारीख विचारा.
२. वाढीव वॉरंटी असेल तर ती नव्या मालकाच्या नावावर होते का, किती दिवसांत करायची, फी किती, हे विचारा. नुसतं आरसी बुक नावावर होणं पुरत नाही.
३. गाडी इथल्या कंपनीनं विकलीय की कुणी खासगीरित्या बाहेरून आणलीय? बाहेरून आणलेल्या गाडीला इथं कंपनीची वॉरंटी मिळेल असं गृहीत धरू नका.
४. इंजिनचं सॉफ्टवेअर बदललंय का, वेगळा एक्झॉस्ट, वेगळा टर्बो बसवलाय का? असेल तर तिथंच थांबा. दावा नाकारायला हे सगळ्यात सोपं कारण.
५. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून स्कॅन आणि तपासणी. दोन-पाच हजार जातात, जाऊ द्या.
६. तोंडी आश्वासन बिलावर लिहून घ्या. “साहेब, लिहायचं कशाला, विश्वास नाही का?” असं कोणी म्हटलं तर हसून म्हणा, “विश्वास आहे म्हणूनच लिहून मागतोय.”

८. बिघाड झाला तर

गाडी लगेच थांबवा. दिवा लागल्यावर “घरापर्यंत नेतो” म्हणून चालवलीत, तर वाढलेलं नुकसान तुमच्या गळ्यात. डॅशबोर्ड आणि किलोमीटरचा फोटो काढा. गाडी ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: कधी, किती वेगात, कोणता आवाज. “जनरल चेकअप” एवढंच लिहून देऊ नका. आणि वॉरंटीवाल्यांची परवानगी येण्याआधी गाडी उघडू देऊ नका. आधी उघडली, तर “आम्हाला बघायलाच मिळालं नाही” हे कारण तयार असतं.

नकार आला तर क्रम असा: लेखी कारण, मग सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचं विभागीय कार्यालय, मग १९१५, मग नोटीस, मग आयोग. पायऱ्या गाळू नका. पुढं आयोगासमोर हीच पत्रं तुमची बाजू मांडतात.

९. आता काउंटरच्या या बाजूला या

इथपर्यंत तुम्ही ग्राहक होतात. आता दुकानदार व्हा. वॉरंटी द्यायची की नाही? माझं मत स्पष्ट आहे: द्या, पण मोजून द्या. जुन्या मालाच्या धंद्यात ग्राहकाच्या मनात एकच भीती असते, “फसलो तर?” ती भीती जो कमी करतो, त्याच्याकडं गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देऊन येतं.

मोजायचं कसं? समजा, तुम्ही वर्षाला २० जुन्या दुचाकी विकता आणि तीन महिन्यांची इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी देता. तुमच्या अंदाजानं २० मधल्या २ परत येतील, प्रत्येकी १५,००० खर्च. झाले ३०,०००. भागिले २०, म्हणजे गाडीमागं १,५००. तुम्ही २,००० धरा आणि प्रत्येक विक्रीनंतर तेवढे वेगळ्या खात्यात टाका. आम्हाला बीबीएला याला ‘प्रोव्हिजन’ म्हणायला शिकवलं. माझी आजी याला “अडीअडचणीचा डबा” म्हणायची. डब्यातले पैसे नफा नाही. मुदत संपेपर्यंत ते ग्राहकाचेच समजा.

हा डबा नसतो, म्हणून दुकानदार दावा टाळतो. त्याची नियत वाईट असतेच असं नाही, पण त्या दिवशी गल्ल्यात पैसे नसतात. आणि टाळलेला एक दावा गावभर होतो.

कार्ड असं लिहा, साध्या मराठीत:

“या गाडीची तपासणी आम्ही (तारीख) रोजी केली आहे, रिपोर्ट सोबत जोडला आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतील भागांवर विक्रीच्या तारखेपासून ९० दिवस किंवा ३,००० किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी आहे. पार्ट आणि मजुरी दोन्ही आम्ही करू, एकूण कमाल १५,००० रुपये. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी, चेन हे झिजणारे भाग यात नाहीत. तक्रार मिळाल्यापासून ३ दिवसांत तपासून लेखी उत्तर देऊ. बिल आणि हे कार्ड सोबत आणावे.”

बघा, सहा वाक्यांत सगळं आलं: काय, किती दिवस, किती पैसे, काय नाही, उत्तर कधी, काय आणायचं. बारीक अक्षरांची गरजच नाही. आणि जे वॉरंटीत नाही, ते विकतानाच बोट ठेवून वाचून दाखवा. त्या वेळी कदाचित एखादं गिऱ्हाईक जाईल, पण नंतर दुकानात येऊन भांडणारं गिऱ्हाईक राहणार नाही.

तुमचा गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर दोन कामं करा. घरातल्या कुठल्याही एका वस्तूचं वॉरंटी कार्ड काढा, फ्रिजचं, मोबाईलचं, चालेल. त्यात पाच गोष्टी शोधा: घड्याळ कधी सुरू झालं, कोणते भाग, कमाल किती, काय नाही, नकार आला तर कुठं जायचं. पाचही सापडतील असं नाही. जे सापडलं नाही, ते तुमच्या कार्डावर ठळक अक्षरात टाका.

दुसरं काम: तुमच्या धंद्यात गेल्या वर्षी किती वस्तू दुरुस्तीला परत आल्या, त्या मोजा. आकडा वहीत नसेल, तर उद्यापासून वही घाला. त्या एका आकड्यावर तुमची वॉरंटी आणि तुमचं नाव दोन्ही उभं राहणार आहे.

पुढच्या व्हिडिओत आपण बिलाचा नमुना घेऊन बसू, ओळ न् ओळ. तोपर्यंत धंदा करा, हिशोबानं करा, आणि जे बोलाल ते लिहून द्या.

भेटूया!